लोकरीचं कुंपण

लांडग्याला ओकारी कशी येते हे मी साऱ्या गावासमोर सांगून बसले, कारण तेव्हा माझ्या हातात भंडारा होता. तो नसता तर उकिडवे मॅडमनी पढवलेलं वाक्य म्हणून मोकळी झाले असते. पण आमच्यात बिरोबाचा भंडारा उचलून अर्धं सांगत नाहीत. अर्धं सांगणं म्हणजे खोटंच.

मी मायाक्का गडदे. जिल्ह्याच्या प्राणिसंग्रहालयात अकरा वर्षं लांडग्यांची देखभाल करते. माझे वडील सिदाप्पा, ज्यांना मी आण्णा म्हणते, खरपवाडीचे मेंढपाळ. त्यांचे वडील मेंढपाळ, आणि त्यांच्या आधीचेही सगळे मेंढपाळच. मी ही नोकरी धरली तेव्हा एका मामानं भर जत्रेत टाळी घेतली होती, "आता मांजरालाच दुधाची राखण दिली की रं!" मी म्हटलं, उलटं आहे मामा, इथं दूध मांजराला राखतंय. मामा अजून ते वाक्य स्वतःचं म्हणून सांगतो.

प्राणिसंग्रहालय म्हटलं की लोकांना पिंजरे, शेंगदाणे आणि सहल आठवते. पण आमचा निम्मा कारभार लोकांना दिसत नाही. मागे बारा एकरांचं बंद आवार आहे, तिथं तिकीट काढून कुणी येत नाही. माळावरचा लांडगा संपत आला तो काही बंदुकीनं नाही. निम्मे माळ सौरपट्ट्यांखाली गेले, उरलेल्या तुकड्यांत लांडग्याला जोडीदार मिळेना, मग त्यानं गावकुत्र्याशी जमवून घेतलं. दोन पिढ्यांत नावालाच लांडगा उरला. जी अस्सल जात होती ती आमच्या आवारात राहिली, आणि तीच पुन्हा माळावर न्यायची हा आमचा खटाटोप. त्यासाठी पिलांना माणसाची सवय लागता कामा नये. म्हणून त्यांचं खाणं भिंतीपलीकडून नळकांड्यातून जायचं. मी बिनवासाच्या साबणानं अंघोळ करून करड्या झग्यात आत जायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ही शिक्षाच होती.

पिलांना नावं ठेवायला बंदी. सात नंबरच्या पिलाला मी मनातल्या मनात कुसळी म्हणायची. तिच्या कानात कायम माळाच्या गवताची कुसळं अडकलेली असायची, आणि ती काढायला मला हात लावायची परवानगी नव्हती. ती सव्वा वर्षाची झाली आणि सोडायची वेळ आली तेव्हा खरी अडचण उभी राहिली. माळावर काही सोडायचं तर आता ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि मेंढपाळांचं गाव लांडग्याला 'या, बसा' कशाला म्हणेल?

त्यावर उपाय म्हणून उकिडवे मॅडमनी नाकात सोडायचा थेंब काढला. डॉक्टर दमयंती उकिडवे म्हणजे आमच्या पशुवैद्य. बाई हुशार, तापट, आणि कोटाच्या खिशात कायम अर्धा बिस्किटपुडा. एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "मायाक्का, तुला कुठला पदार्थ अजिबात चालत नाही?"

"शेंगदाण्याची आमटी. कावीळ झाली होती तेव्हा खाल्ली आणि उलटली. वीस वर्षं झाली, अजून वासानं ढवळतं."

"झालं तर मग. तेच करायचंय."

त्यांनी मला समजावलं ते असं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी मधल्या कचेरीत नोंदवलं जातं, मग पुढं जातं. वासाला ही सक्ती नाही. तो नाकातून जवळजवळ सरळ भीतीच्या आणि आठवणीच्या खोलीत शिरतो, आणि ओकारीची खोली तिथून लांब नाही. म्हणून एकदा बाधलेल्या अन्नाचा वास जन्मभर नको होतो. पूर्वी लांडग्यांना औषध घातलेलं मेंढीचं मांस चारून बघितलं होतं. काही महिन्यांत विसरायचे. मॅडमच्या थेंबात एक निरुपद्रवी विषाणू होता. तो नाकातल्या ज्या पेशी लोकरीच्या तेलकट मेणाचा वास ओळखतात, नेमक्या त्यांनाच गाठून एक हुकूम द्यायचा. त्या पेशींपासून एक नवा मज्जातंतू ओकारीच्या खोलीपर्यंत वाढायचा. एकदा वाढला की वाढला.

"आणि काढायचा झाला तर?" मी विचारलं.

"निघत नाही. मुद्दाम तसाच केलाय. उद्या निघू शकेल अशा गोष्टीवर तुझं गाव विश्वास ठेवेल का?"

त्यांचं बरोबर होतं. थेंब नाकात सोडला आणि पंधरा दिवसांनी कुसळीची चाचणी झाली. मॅडमनी मला घरून लोकर आणायला सांगितली. मी आण्णांच्या जुन्या घोंगड्याचा तळहाताएवढा तुकडा आणला आणि चिमट्यानं आवारात ठेवला. कुसळी वीस पावलांवर थांबली, तिची पाठ वाकली आणि ती ओकली. मग दूरच्या भिंतीला अंग लावून संध्याकाळपर्यंत तिथून हलली नाही. मॅडमनी वहीत 'यशस्वी' लिहिलं. त्या घोंगड्याखाली मी लहानपणी झोपायची. मला फार वाईट वाटलं, पण कुणाला सांगणार?

ग्रामसभा बिरोबाच्या देवळापुढं भरली. मॅडमनी मला एकच वाक्य पाठ करून दिलं होतं, "या लांडग्यांना मेंढीचं वावडं आहे, ते मेंढीला तोंड लावणार नाहीत." बाकीचं सांगायचं नाही. मी ते वाक्य म्हटलं. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "उद्या म्हणशील लांडगं एकादशी धरत्यात."

मग आण्णा उठले. सत्तरीचा माणूस, खांद्यावर घोंगडं, डोक्यावर तांबडं मुंडासं. म्हणाले, "लांडग्याचा वाटा असतूयाच. माझा बा म्हणायचा, कळपातलं एक देवाचं, एक लांडग्याचं. पर आता कळपच ऱ्हायलं किती? वाटा द्यायचा कशातनं?" मग त्यांनी कमरेची काळी पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "लेकी, हे हातात घिऊन सांग. त्येला कळणार कसं, मेंढरू कुठलं आन काय कुठलं?"

मी हळदीच्या त्या पिवळ्या चिमटीकडं बघितलं. मॅडम खुर्चीवरून नको म्हणून मान हलवत होत्या. मी म्हटलं, "वासानं. लोकरीचा वास आला की त्येला ओकारी येती. नुसती लोकर असली तरी येती. जन्मभर येणार."

 ठराव मंजूर झाला. परतताना गाडीत मॅडम एवढंच म्हणाल्या, "नुसती लोकर असली तरी, हे सांगायची गरज नव्हती, मायाक्का." मी म्हटलं, तुमच्या हातात भंडारा नव्हता. त्यावर त्यांनी मला एक बिस्किट दिलं.

दसऱ्याच्या आसपास कुसळी आणि चार नंबरचा नर माळावर सोडले. गळ्यात पट्टा, पट्ट्याचा ठिपका उपग्रहावरून आमच्या मोबाइलवर. संग्रहालयानं एक मोकळा पिंजरा सजवून त्यात मोठा पडदा लावला, त्यावर हे दोन ठिपके. शाळेतली पोरं वाघ सोडून त्या रिकाम्या पिंजऱ्यापुढं गर्दी करायची. पहिले तीन महिने आम्ही हवेत होतो. ससे, उंदीर, रानडुकराची पिलं, एकदा काळवीट. मेंढराला नखही लागलं नाही. आण्णा फोनवर सांगायचे, "काल वघळीत दिसली तुझी. मेंढरं बगितली आन तोंड फिरवून गेली, वरमाईसारखी." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. माझी मान गावात ताठ झाली.

मग एका शेळीवाल्यानं आपल्या शेळ्यांच्या गळ्यात लोकरीचे गोंडे बांधले. त्याचं काय चुकलं? शेळीला लोकर नसते, थेंबाला शेळी माहीत नव्हती. त्याचं बघून दुसऱ्यानं बांधले. मग कोंबड्यांच्या शेडवाल्यानं जाळीला लोकर अडकवली. मग डाळिंबाच्या बागांना, शेततळ्यांच्या कुंपणांना, आणि शेवटी सौरपट्ट्यांच्या मैलोन्‌मैल तारांना. तिथं रात्रपाळी करणाऱ्या माणसांना लांडग्याची भीती वाटायची. मी ग्रामसभेत सांगितलेलं वाक्य चाळीस गावांत पोचलं होतं.

आमच्या दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि खरबरीत. गेली कित्येक वर्षं तिला कुणी विचारत नव्हतं. कातरायची आणि बांधावर टाकून द्यायची. आण्णांच्या घरामागं तिचा ढीग पडलेला असायचा, त्यात कुत्री व्यायची. त्या माघात मी घरी गेले तर ढीग नव्हता.

"गेली की सगळी," आण्णा म्हणाले. ते अंगणात दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून बसले होते. "मान्सं दारात उभी ऱ्हात्यात गं. सायेब लोकं चारचाकीतनं येत्यात, सिदाप्पा, तेवढी लोकर बगा म्हणत्यात. तुझी आय असती तर तिला खरं वाटलं नसतं."

मी त्यांना सांगायला गेले होते की लोकर देऊ नका. मोबाइलवरचा नकाशाही नेला होता. दसऱ्याला कुसळीचा ठिपका पन्नास कोसांच्या मुलखात फिरायचा, आता तीन कोसांतच घुटमळत होता, कारण तिन्ही बाजूंना लोकर होती. नर वाट काढताना हमरस्त्यावर गाडीखाली सापडून गेला होता. ती एकटी राहिली होती, आणि वघळीच्या, म्हणजे कोरड्या ओघळीच्या, मुरमाड कडेला तिला दोन पिलं झाली होती. हे सगळं माझ्या ओठांवर होतं. पण चहा ओतताना आण्णा इतक्या आनंदात होते की माझ्याच्यानं बोलवेना. बोलले असते तरी काय झालं असतं? आण्णांनी लोकर दिली नसती तर दुसऱ्या पन्नास घरांमागं ढीग होतेच. असं मी मनाला बजावलं आणि चहा पिऊन परत आले.

शिमगा झाला आणि उन्हं तापली. नकाशावर मला रोज एक नवी गोष्ट दिसायला लागली. कुसळीचा ठिपका वनतळ्याकडं जायचा, काठाजवळ थांबायचा आणि परत फिरायचा. वनतळं म्हणजे वनखात्यानं खणलेला पाण्याचा खड्डा, त्या तीन कोसांत कुंपण नसलेलं तेवढं एकच पाणी. पहिल्या दिवशी ठिपका दोनदा गेला. दुसऱ्या दिवशी पाच वेळा. मला वाटलं, तिथंही कुणी लोकर बांधली. तसं असेल तर उपटून काढू म्हणून मी मोटरसायकल काढली.

काठावर कुणी काही बांधलेलं नव्हतं. चार गावांचे कळप तिथं जमले होते आणि मेंढरं धुवायचं काम जोरात चाललं होतं. कातरणीआधी मेंढरं धुवायची, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. एरवी जो तो आपापल्या ओढ्यावर धुतो. पण ओढे आटले होते, आणि यंदा लोकरीला गिऱ्हाईक म्हणून सगळ्यांनीच कातरण अलीकडं ओढली होती. बायका हसत होत्या, कुणी धनगरी ओव्या म्हणत होतं. वनतळ्याच्या पाण्यावर लोकरीच्या मेणाचा तुपासारखा थर तरंगत होता. आणि पाण्याच्या मधोमध, छातीइतक्या पाण्यात, मेंढीला कवेत धरून आण्णा उभे होते.

"आगं मायाक्का! हितं कशी?"

"आण्णा," मी म्हटलं, "माळावर पाणी कुठं कुठं हाय आता?"

"हेच की. दुसरं कुठलं?"

ते म्हणाले आणि थांबले. त्यांना ते कळलेलं मला दिसलं. त्यांनी हातातली मेंढी सोडली, ती पोहत काठाला गेली. आण्णा पाण्याकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्याच पैल्यांदा उतारलो गं. सगळ्यांच्या आदी, परवा सकाळी. पाणी लई ग्वाड हुतं म्हणून."

 तिथं एकही वाईट माणूस नव्हता. आण्णांनी बाहेर येऊन बाकीच्यांना थांबायला सांगितलं. लोकांनी त्यांच्या वयाचा मान ठेवून ऐकून घेतलं आणि कामाला लागले. थांबले असते तरी धुतलेलं पाणी परत कसं धुणार?

मी आण्णांच्या शेजारूनच मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, तिला बेशुद्ध करून परत आणायची परवानगी मुंबईहून यावी लागते, तीन दिवस तरी लागतील. आणलं तरी पुढं काय, ते त्या बोलल्या नाहीत. थेंबावर उतारा नाहीच का, हे मी परत विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"मायाक्का, तोवर तू पाणी नेऊन ठेव," त्या म्हणाल्या. "कोरे कॅन, कोऱ्या पराती, आपल्या बोअरचं पाणी. झगा घालून जा. ठेवायचं आणि परत फिरायचं. थांबायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅन भरून गावाकडं निघाले, तर आण्णा फाट्यावर उभे. कॅन दोन होते आणि वघळीत गाडी जात नाही, हे त्यांना माहीत होतं. मी घरी ठेवलेल्या बिनवासाच्या साबणानं त्यांनी तीनदा अंघोळ केली होती. अंगात पुतण्याच्या लग्नासाठी आणलेलं कोरं धोतर आणि घडी मोडलेला सदरा. घोंगडं आणि मुंडासं घरी ठेवलं होतं. आण्णांचं उघडं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा घराबाहेर बघितलं. पांढरं, लहानसं डोकं. मला रडू आलं.

"चल," ते म्हणाले. "वास यायला काय ठेवलंय आता."

वघळीच्या कडेला मुरमाच्या उंचवट्यात तिचं बीळ होतं. ती नव्हती. ठिपका कोसभर लांब, कुठल्यातरी शेततळ्याच्या कुंपणाशी घुटमळत होता. आम्ही परात ठेवली, पाणी ओतलं. परत फिरायचं होतं. पण पाण्याचा आवाज ऐकून पिलं बाहेर आली.

दोन पिलं, दोन महिन्यांची, पोटं खपाटीला गेलेली. ती परातीवर तुटून पडली. एकाचा तोल जाऊन ते पाण्यातच बसलं. त्यांनी माणूस पाहिला नव्हता, म्हणून त्यांना आमची भीती वाटली नाही. आणि थेंब तर आईला दिला होता, पिलांना नाही. ती जन्मतःच मोकळी होती. पाणी पिऊन झाल्यावर एक पिलू सरळ आण्णांकडं गेलं, त्यांचा अंगठा चाटला आणि पायाशी पसरलं. दुसरं त्याच्यामागं.

आण्णा खाली बसले. नवं कोकरू झालं की ते कित्येक वर्षं जे करत आले, तेच त्यांनी केलं. कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा घेतला आणि दोन्ही पिलांच्या कपाळाला लावला. "बिरोबा, राख रं बाबा," म्हणाले. मी बघत उभी राहिले. मलाही ते बरं वाटलं, हे कबूल करते. कुणीतरी त्या पिलांसाठी काहीतरी मागितलं म्हणून बरं वाटलं.

मग आम्ही उठलो. तीनशे पावलांवरच्या टेकाडावर जाऊन बसलो, आणि मी दुर्बीण लावली.

तासाभरानं कुसळी आली. मी तिला ओळखलंच नाही. बरगड्या मोजाव्यात अशी झाली होती, चालताना मागचे पाय ओढत होती. पिलं तिच्याकडं धावली. तिनं मान खाली घातली, पहिल्या पिलाला हुंगलं, आणि तिची पाठ वाकली. पोटात काही नव्हतं. नुसतीच वाकत राहिली. मग मागं सरली. पिलं पुढं गेली, ती आणखी मागं. पिलांना वाटलं आई खेळतेय. ती उड्या मारत तिच्यामागं गेली, आणि ती स्वतःच्या पिलांपासून पळाली. चाळीस पावलांवर थांबून वळून बघायची, दोन पावलं जवळ यायची, परत तिची पाठ वाकायची.

मला काही केल्या कळेना. मी बिनवासाच्या साबणानं अंघोळ केली होती, आण्णांनी तीनदा केली होती. कपडे कोरे होते. मी दुर्बीण खाली घेतली आणि आण्णांकडं बघितलं. त्यांच्या कमरेला ती पिशवी होती. काळ्या लोकरीची. माझ्या आजीनं सूत काढून आण्णांच्या लग्नात दिलेली. भंडारा पन्नास वर्षं त्या लोकरीत मुरला होता. मला ती पिशवी लहानपणापासून माहीत होती. तिला मी कधी लोकर म्हणून बघितलंच नव्हतं, आणि आण्णांनीही नव्हतं. तो देव होता. देव घरी ठेवून कोण निघतं?

"काय करतीया?" आण्णांनी विचारलं. "मला दिसंना एवढ्या लांबचं. पिलं प्याली का तिला?"

या वेळी माझ्या हातात भंडारा नव्हता. मी म्हटलं, "वारा फिरला, आण्णा. येईल परत."

 थोड्या वेळानं त्यांचा हात कमरेकडं गेला. त्यांनी पिशवी सोडली, नाकाशी धरली आणि डोळे मिटून खूप वेळ हुंगली. परत हुंगली.

"मला तर कसलाच वास येत न्हाई गं," ते म्हणाले. "येतुया का? तू बग."

त्यांनी ती माझ्यापुढं धरली. मी त्यांच्याच घरात वाढले. मलाही आला नाही.

त्या दिवशी ती चार वेळा आली आणि चारही वेळा फिरली. परातीला तोंड लावलं नाही, कपाळावरच्या भंडाऱ्यासकट पिलं पाण्यात खेळली होती. मी मॅडमना सगळं सांगितलं.  परवानगी तिसऱ्या दिवशी दुपारी आली. कुसळीचा ठिपका त्याच दिवशी पहाटेपासून हलत नव्हता. ती सौरपट्ट्यांच्या सावलीत मिळाली, तारेच्या अलीकडं, जिथं लोकर कमी बांधली होती तिथं. कानात कुसळं होती. या वेळी ती काढायला मला कुणी अडवलं नाही.

पिलं आम्ही आणली. ती मागच्या आवारात आहेत आणि बरी आहेत. पहिले आठ दिवस नुसती रडली. मग आण्णा एकदा भेटायला आले, त्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढून गजांतून आत ढकललं. तेव्हापासून ती त्याच्यावरच झोपतात. मोकळ्या पिंजऱ्यातला पडदा काळा आहे. पोरं अजून येतात, विचारतात, ठिपके कुठं गेले? पडदा बिघडलाय असं आम्ही सांगतो.

आण्णांनी लोकर द्यायची बंद केली. दारात माणसं येतात, ते नाही म्हणतात, माणसं शेजारच्या दारात जातात. भंडारा त्यांनी पितळी डबीत काढला आणि पिशवी देवळात ठेवली. परवा त्यांचा फोन आला, "पुन्यांदा ग्रामसभा हाय. पिलं सोडायची इच्यारत्यात. तुला बलवलंय. भंडारा उचलावा लागंल." मग थांबून म्हणाले, "काय सांगशील गं?"

मी मॅडमकडं गेले. लोकरीशिवाय दुसरा काही थेंब होईल का, विचारलं. होईल, म्हणाल्या, चार वर्षं लागतील. चार वर्षांत ही पिलं पिंजऱ्याची होतील, मग कुठंच सोडता येणार नाहीत. जन्मभर गज, नाहीतर थेंब. गाव थेंबाशिवाय हो म्हणणार नाही, आणि गावाचं तरी काय चुकलं? मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही. खिशातून पुडा काढला, उघडला, तसाच ठेवून दिला.

थेंब गुरुवारी आहे. एकानं नाकात सोडायचा आणि एकानं पिलू धरायचं, म्हणजे मी. त्याआधी आवारात लोकरीचा एक धागा राहता कामा नये, म्हणून घोंगडं बुधवारी संध्याकाळी काढायचं, असं आठवड्याच्या वेळापत्रकात लिहिलं आहे. अक्षर माझंच आहे.